हौशी गिटारवादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न: वाद्य, तारा, पट्टी आणि रियाज

हे पान घरी हौसेने गिटार वाजवणाऱ्यांसाठी आहे. कुणाला भावगीताला साथ करायची असते, कुणाला चित्रपटगीतं वाजवायची असतात, कुणाला सोसायटीच्या गणपतीत चार गाणी बसवायची असतात. ‘मला गिटार जमत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या बोटांत बहुतेकदा काही खोट नसते. त्याच्या हातातलं वाद्य नीट लावलेलं नसतं. म्हणून खालची बरीच उत्तरं नवी खरेदी टाळा आणि आहे ते वाद्य आधी नीट करा, असंच सांगतात.

पहिली गिटार कोणती: नायलॉनच्या तारांची, स्टीलच्या तारांची की इलेक्ट्रिक?

काय वाजवायचं आहे त्यावर ठरवा. गाण्याला कॉर्डची (एकदम वाजवलेल्या तीन-चार सुरांची) साथ करायची असेल तर स्टीलच्या तारांची अकूस्टिक घ्या. बोटांनी एकेक सूर छेडत पाश्चात्त्य शास्त्रीय रचना शिकायच्या असतील तर नायलॉनची. नायलॉनच्या गिटारची मान नटपाशी (डोक्याजवळ तारा टेकतात ती पट्टी) 50 ते 52 मिलिमीटर रुंद असते, स्टीलवालीची 43 ते 44.5. लहान हाताला हा फरक लगेच जाणवतो.

‘आधी अकूस्टिक, मगच इलेक्ट्रिक’ असा काही नियम नाही. इलेक्ट्रिकच्या तारा पातळ आणि सैल असतात, त्यामुळे बोटांना त्रास कमी होतो. ज्याला रॉक आवडतं त्याने थेट तिथून सुरुवात करावी. आवडीचं वाद्य हातात असेल तरच माणूस रोज बसतो.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा चढवणं. नायलॉनच्या संचाचा एकूण ताण 40 किलोच्या आसपास असतो, स्टीलच्या 12 नंबरच्या संचाचा 70 किलोच्या पुढे जातो. काही आठवड्यांत ब्रिज (फळीवर तारा अडकवायची लाकडी पट्टी) उखडतो किंवा वरची फळी फुगते, आणि अशा गिटारच्या मानेत बहुधा ट्रस रॉडही (मानेतली धातूची सळई) नसतो, म्हणजे वाकलेली मान सरळ करायची सोय नाही.

दुकानात गिटार तपासायची कशी?

खिशात स्टीलची फूटपट्टी आणि फोनमध्ये ट्यूनर घेऊन जा. आधी गिटार सुरात लावून घ्या. सैल तारांवर केलेली तपासणी खोटी ठरते. मग बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट), फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर, म्हणजे ॲक्शन, मोजा. स्टील अकूस्टिकवर सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली 2.4 ते 2.8 मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली 1.8 ते 2 मिलिमीटर असेल तर उत्तम. साडेतीनच्या वर असेल तर शिकणाऱ्याचा छळ होणार. नायलॉनवर 4 आणि 3 मिलिमीटर चालतात.

त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहा. कुठे खरखर येते, कुठे सूर मरतो, ते कळेल. मोकळी तार आणि तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून, दोन्ही ट्यूनरवर पाहा. 10 सेंटपेक्षा (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) जास्त फरक असेल तर दुसरा नग मागा. मानेच्या कडेवरून हात फिरवून फ्रेटची टोकं टोचतात का बघा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साध्या कागदाची कड सरकवा. ती आत जात असेल तर डिंक सुटायला लागला आहे.

फळी भरीव आहे की प्लायची हे भोकाच्या कडेवर दिसतं. वरच्या रेषा कडेवरून खाली सरळ उतरत असतील तर भरीव, आडवे थर दिसले तर प्लाय. यामाहाच्या एफ310 ला प्लायची फळी आहे आणि एफजी800 ला भरीव स्प्रूसची. दोन्हींच्या आवाजातला आणि किमतीतला फरक तिथूनच सुरू होतो. अंगाने लहान असणाऱ्यांनी एफएस800 मांडीवर घेऊन पाहावी, तिचं पोट लहान आहे. प्लाय वाईट असते असं मात्र समजू नका. दमट हवेत ती भरीव लाकडापेक्षा कमी कुरकुरते, आणि कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याला पहिली गिटार म्हणून ती सोयीचीच पडते.

एकूण पैशांतला पाचवा-सहावा हिस्सा बाजूला ठेवा. त्यात क्लिपचा ट्यूनर, कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा दाबणारा चिमटा), तारांचा एक जास्तीचा संच, जाड बॅग आणि कारागिराकडून वाद्य लावून घेण्याचा खर्च निघतो. या गोष्टींशिवाय घेतलेली महागडी गिटार ही त्यांच्यासह घेतलेल्या साध्या गिटारपेक्षा वाईट वाजते.

कोणत्या नंबरच्या तारा लावू, आणि कधी बदलू?

नंबर म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. अकूस्टिकला दुकानातून बहुधा 12 नंबर (12 ते 53) येतो. नव्याने शिकणाऱ्याने 11 किंवा 10 लावावा. आवाज थोडा बारीक होतो, पण बोटं वाचतात. इलेक्ट्रिकला 9 (9 ते 42) किंवा 10 (10 ते 46). नंबर बदलला की ताण बदलतो आणि मानेचा बाकही बदलतो, म्हणून दोन दिवसांनी ॲक्शन पुन्हा मोजा.

रोज तासभर वाजत असेल तर दोन-तीन महिन्यांनी तारा बदला. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी इथल्या खाऱ्या हवेत त्या आधीच काळ्या पडतात. तारेच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवा. फ्रेटच्या जागी खाच लागली किंवा बोटाला गंज आला की तिचे दिवस संपले. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसण्याने आयुष्य वाढतं. आवरण असलेल्या तारा महाग असतात, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना त्या परवडतात.

नवी तार पहिले दोन दिवस उतरतच राहते. ती चढवून, सुरात लावून, मधोमध धरून हलकेच ओढा आणि पुन्हा लावा. असं तीन-चार वेळा. सूर नेहमी खालून वर आणत लावा. वर गेला तर आधी थोडा जास्त उतरवा, मग चढवा. वरून खाली आणून सोडलेल्या खुंटीत ढिलाई राहते आणि गाणं अर्ध्यात आल्यावर तार उतरते.

तारा उंच आहेत किंवा खरखरतात. घरी काय करता येईल?

आधी दोष कुठे आहे ते शोधा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते पाहा. 0.2 ते 0.3 मिलिमीटर हवी, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी. फट जास्त असेल तर मान पुढे वाकली आहे: ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने एक चतुर्थांश फेरा घट्ट करा, पुन्हा सूर लावा, थोडं थांबून पुन्हा मोजा. फट अजिबात नसेल आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर असेल तर उलट दिशेने तेवढाच फेरा. एका दिवसात अर्ध्या फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. ॲलन की अडली तर थांबा. तिथे जोर लावला की रॉड तुटतो आणि मग मान उघडावी लागते.

मान बरोबर असून तारा उंच असतील तर सॅडल (ब्रिजमध्ये बसवलेली, तारा टेकतात ती पट्टी) घासायची. इथे एक हिशोब लक्षात ठेवा: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते. सॅडल बाहेर काढा, पेन्सिलने रेघ मारा आणि खालची, म्हणजे सपाट बाजू काचेवर पसरलेल्या 120 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. बाजू तिरकी झाली तर ब्रिजखालचा पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) काही तारा ऐकणारच नाही. जुनी सॅडल जपून ठेवा, घासलेलं परत येत नाही.

मोकळ्या तारा सुरात, पण पहिल्या फ्रेटवर दाबलेले सूर चढे लागतात? मग नटच्या खाचा उंच आहेत. हे काम कारागिराकडे द्या. योग्य जाडीची कानस नसेल तर खाच रुंद होते आणि तार तिथे झणझणत राहते.

पावसाळ्यात गिटार बिघडते का?

हो, आणि उन्हाळ्यातही, पण उलट पद्धतीने. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये ती 80 च्या वर असते. लाकूड पाणी पितं, वरची फळी फुगते, तिच्याबरोबर ब्रिज उचलला जातो आणि तारा उंच होतात. जूनमध्ये सहज लागणारा एफ चा कॉर्ड ऑगस्टमध्ये लागेनासा झाला तर त्यामागे बहुधा हेच असतं. उलट नागपूर, अकोला, परभणीकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फळी आत बसते, तारा फ्रेटला टेकून खरखरतात आणि आकसलेल्या मानेतून फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. त्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे फळीला तडा जातो.

पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नका, विशेषतः बाहेरच्या भिंतीवर. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि सिलिका जेलच्या 100 ते 200 ग्रॅमच्या कापडी पुरचुंड्या करा. नारिंगी दाणे हिरवे पडले की ते भरले. मंद तापलेल्या ओव्हनमध्ये, 120 अंशांच्या आसपास, पुन्हा कोरडे करून वापरता येतात. बॅगेला बुरशीचा वास येत असेल तर जेल घालून उपयोग नाही, आधी बॅग उन्हात वाळवा. कोरड्या हवेत याच्या उलट: भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा ठेवा आणि डबी केसमध्ये, गिटारच्या डोक्याजवळ. त्यातून एक थेंबही गळता कामा नये.

मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली गिटार हा वेगळाच प्रकार. तिथल्या उष्णतेने डिंक मऊ होतो आणि तारांच्या ताणाने ब्रिज जागचा हलतो. अशा गाडीत ती अर्धा तासही सोडू नका.

गायक ‘काळी दोन’ म्हणतो. मी कुठे कॅपो लावू?

हा प्रश्न आपल्याकडेच येतो, आणि बाहेरच्या शिकवण्यांत त्याचं उत्तर सापडत नाही. गायक पेटीच्या ज्या सुराला सा धरतो ती त्याची पट्टी. पेटीच्या पट्ट्या अशा: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी.

आता कॅपो. प्रत्येक फ्रेट म्हणजे अर्धा सूर वर. शुद्ध गंधाराच्या, म्हणजे मेजर गाण्यांसाठी (‘सी चे आकार’ म्हणजे सी मध्ये वाजवताना धरतात ते कॉर्ड):

काळी एक: पहिल्या फ्रेटवर कॅपो, सी चे आकार, किंवा चौथ्यावर ए चे.
काळी दोन: पहिल्यावर डी चे आकार, किंवा तिसऱ्यावर सी चे.
पांढरी चार: पहिल्यावर ई चे, तिसऱ्यावर डी चे, पाचव्यावर सी चे.
काळी तीन: दुसऱ्यावर ई चे; चौथ्यावर डी चे.
काळी चार: पहिल्यावर जी चे, चौथ्यावर ई चे.
काळी पाच: पहिल्यावर ए चे; तिसऱ्यावर जी चे.

कोमल गंधाराचं, म्हणजे मायनर गाणं असेल तर ए मायनरचे आकार धरा: काळी एकला चौथा फ्रेट, काळी पाचला पहिला. काळी चारला ई मायनरचे आकार, चौथा फ्रेट. सातव्या फ्रेटच्या पुढे कॅपो नेऊ नका, आवाज किरटा होतो आणि बोटांना जागा उरत नाही. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावा. मधोमध लावला तर तारा ओढल्या जाऊन सूर चढतो, म्हणून लावल्यावर ट्यूनर पुन्हा पाहा.

पेटी सोबत असेल तर ट्यूनरपेक्षा पेटीचं ऐका. जुनी पेटी 440 हर्ट्झवर (पांढरी सहाची प्रमाण कंप्रता) असेलच असं नाही, आणि कार्यक्रमाच्या वेळी ती बदलता येत नाही. पेटीवर पांढरी सहा दाबून ट्यूनरचा काटा कुठे जातो ते पाहा आणि ट्यूनरची मूळ कंप्रता तेवढी सरकवा. बहुतेक ट्यूनरमध्ये ती सोय असते.

रागावर आधारलेल्या गाण्याला कॉर्ड कसे शोधू?

आधी रागात कोणते सूर वर्ज्य आहेत ते पाहा, मग ज्या कॉर्डमध्ये तो सूर येतो तो कॉर्ड वगळा. एवढ्याने निम्म्या चुका टळतात. खालची उदाहरणं सी किंवा ए ला सा धरून आहेत.

यमन, सा म्हणजे सी. तीव्र मध्यम म्हणजे एफ शार्प. इथे एफ मेजर वाजवला की शुद्ध मध्यम कानावर आदळतो आणि यमन तिथेच मोडतो. त्याऐवजी डी मेजर घ्या, त्यात एफ शार्प आहे. सी, डी, ई मायनर, जी, ए मायनर एवढ्यावर बरंच काही होतं.

भूप, सा म्हणजे सी. मध्यम आणि निषाद नाहीत. सी आणि ए मायनर चपखल बसतात. जी मेजरमध्ये मात्र बी आहे, तो निषाद. म्हणून जी, ए, डी या तीन सुरांचा जी सस टू वाजवा. पंचमावरचा मुक्काम मिळतो आणि राग शाबूत राहतो.

मालकंस, सा म्हणजे ए. यात पंचम नाही, म्हणजे ई नाही. ए मायनरचा पूर्ण कॉर्ड वाजवलात तर नेमका तोच सूर भरीला येतो. डी मायनर आणि एफ मेजर वापरा, किंवा नुसत्या ए आणि डी या मोकळ्या तारा तानपुऱ्याच्या जागी धरून ठेवा. बऱ्याच वेळा हाच पर्याय सर्वांत सुरेख लागतो.

खमाजात चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल निषाद येतो, म्हणून सी ला सा धरल्यास चढत्या ओळीखाली जी मेजर आणि उतरत्या ओळीखाली जी मायनर लावून पाहा. भैरवीत ठुमरी-अभंगांमध्ये बाराही सूर येतात. तिथे नियमापेक्षा गायकाचा पुढचा सूर ऐकणं महत्त्वाचं.

प्रत्येक सुराखाली कॉर्ड बदलायची गरज नाही. मींड चालू असताना तर हात थांबवावाच. फ्रेटच्या वाद्याचे सूर जागच्या जागी बसलेले असतात, गळा त्यांच्या मधून जातो. तिथे वाजलेला कॉर्ड गाण्याला आडवा येतो.

केरवा आणि दादरा गिटारवर कसा वाजवायचा?

केरव्याच्या आठ मात्रा मोजा. विषम मात्रांना हात वरून खाली जातो, सम मात्रांना खालून वर येतो, आणि तो थांबत नाही. पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या मात्रेला पिक (तारा छेडायची छोटी चकती) तारांना लागू द्या. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात तारांवरून नुसता जाऊ द्या. पाचवी मात्रा केरव्याची खालीची (ठेक्यातली हलकी मात्रा), त्यामुळे तबल्याबरोबर हे आपोआप जुळतं. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, फक्त जाड तारा वाजवा.

दादऱ्यात सहा मात्रा: पहिलीला एक जाड तार, दुसरी-तिसरीला उरलेल्या तारा, चौथीला वेगळी जाड तार, पाचवी-सहावीला पुन्हा उरलेल्या. सी च्या कॉर्डमध्ये पहिल्या मात्रेला पाचवी तार आणि चौथ्या मात्रेला चौथी तार घेतली की झुलता ठेका मिळतो.

स्ट्रमिंगसाठी (सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवायला) 0.60 ते 0.73 मिलिमीटरचं पिक घ्या. जाड पिकने साथ टणक वाजते. एकेक सूर वाजवायला एक मिलिमीटर किंवा वरचं.

एफ चा कॉर्ड लागतच नाही.

एफ पहिल्या फ्रेटवर येतो, आणि नटजवळ तार दाबायला सर्वांत जास्त जोर लागतो. म्हणून शिकायला तिथून सुरुवात करू नका. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा (तो ए मेजर होतो), तिथे स्वच्छ वाजला की एकेक फ्रेट मागे या. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलवा, म्हणजे हाडाची कड तारांवर येते. या आकारात तर्जनीने फक्त पहिली, दुसरी आणि सहावी तार दाबायची असते, उरलेल्या तीन तारा बाकीची बोटं सांभाळतात. सगळ्या सहा तारांवर जोर काढणं हीच बहुतेकांची अडचण असते. अंगठा मानेच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर. मनगट दुखू लागलं तर लगेच थांबा. बोटांच्या टोकांची आग दोन-चार आठवड्यांत जाते, मनगटाचं दुखणं मात्र सोसायचं नसतं.

रोज किती आणि काय वाजवू?

रोज 25 मिनिटं, रविवारच्या तीन तासांपेक्षा खूप बरी. पाच मिनिटं सूर लावणं आणि बोटं मोकळी करणं. मग दोन कॉर्ड घ्या, एका मिनिटात किती स्वच्छ बदल होतात ते मोजून वहीत लिहा. 30 झाले की गाण्यात वापरता येतात, 60 झाले की जोडी बदला. दहा मिनिटं एकाच गाण्याच्या अडलेल्या दोन ओळी, मेट्रोनोमवर (लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 60 ठोक्यांच्या लयीत. सलग तीन वेळा चूक न होता वाजलं की 5 ने वाढवा. उरलेला वेळ मनाला येईल ते वाजवा, तोही रियाजच आहे. आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐका, वाजवताना न कळलेली लयीतली घाई तिथे स्पष्ट ऐकू येते.

अमेरिकेहून नातेवाईक अँप आणणार आहेत. इथे चालेल?

अँपच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या) मागची पट्टी वाचायला सांगा. ‘100–240 व्होल्ट’ लिहिलं असेल तर फक्त प्लग बदला. नुसतं ‘120 व्होल्ट’ असेल तर आपल्या 230 व्होल्टवर तो लावताच जळेल. अँप मागच्या पट्टीप्रमाणे जेवढे वॉट वीज घेतो त्याच्या दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्याचं वजन-खर्च पाहता इथेच अँप घेणं शहाणपणाचं. घरी 10 ते 20 वॉट पुरतात. व्हॉल्व्हचा 5 वॉटचा अँपही शेजाऱ्यांना ऐकू जातो.

पेडलना (आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डब्यांना) बहुधा 9 व्होल्ट डीसी आणि मध्ये ऋण टोक असलेला अडॅप्टर लागतो. साध्या ओव्हरड्राइव्हला (आवाज फाटका-खरखरीत करणाऱ्या पेडलला) 100 मिलिअँपिअरहून खूप कमी पुरतात, मोठ्या डिजिटल डिले-रिव्हर्बला (प्रतिध्वनी आणि घुमारा देणाऱ्या पेडलना) 200 ते 500. सगळी एकाच साखळीच्या वायरवर जोडली की डिजिटल पेडलची किणकिण ओव्हरड्राइव्हमधून मोठी होऊन ऐकू येते. सुरुवातीला ट्यूनर आणि एक ओव्हरड्राइव्ह पुरे.

मंडपात वाजवताना अर्थिंगची खात्री केल्याशिवाय माइकला ओठ लावू नका. गिटारचा अँप आणि माइकचा मिक्सर वेगवेगळ्या लाइनवर असतील आणि एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल तर तारांवरचा हात आणि माइकवरचे ओठ यांच्यामधून वीज जाते. दोन्ही एकाच अर्थ असलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, प्लगची तिसरी पिन मोडलेली नाही ना ते पाहा, आणि माइकच्या जाळीला आधी टेस्टर लावा.

घरी रेकॉर्डिंगला काय लागतं?

दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी), वायरचा हेडफोन आणि एक कंडेन्सर माइक. माइक बाराव्या फ्रेटच्या दिशेने, 20 ते 30 सेंटिमीटरवर ठेवा. भोकासमोर ठेवला की घुमतं. इलेक्ट्रिक थेट जोडताना ‘इन्स्ट्रुमेंट’चं बटण दाबा, नाहीतर आवाज बोथट येतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला बफर 128 सॅम्पलवर ठेवा. वाजवलेलं उशिरा ऐकू येत असेल तर विंडोजवर इंटरफेस कंपनीचा आसिओ ड्रायव्हर निवडला आहे का ते तपासा. ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवता येत नाही, त्यातला उशीर लय मोडण्याइतका असतो.

अकूस्टिकमध्ये प्रीअँप (पिकअपचा आवाज वाढवणारा, बॅटरीवरचा भाग) असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. ती जोडलेली असेपर्यंत आतली 9 व्होल्टची बॅटरी खर्च होत राहते.

परीक्षा द्यावी का?

नोटेशन वाचायची सवय आणि ठरलेल्या तारखेचा धाक हवा असेल तर द्या. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षा भारतात होतात: शास्त्रीय गिटारची वाट वेगळी, रॉक अँड पॉपची वेगळी, दोन्हींत इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत पायऱ्या आहेत. रॉक अँड पॉपमध्ये तीन गाणी वाजवायची असतात, शिवाय ऐकून किंवा तत्काळ वाजवण्याची एक चाचणी असते. गाण्याला साथ करणं एवढंच ध्येय असेल तर त्या फीमध्ये तबला वाजवणाऱ्या कुणाबरोबर काही महिने बसणं जास्त कामाला येईल.